सिनूच्या काठावरचा चावार्री : एका पाणपक्ष्याचे आणि वादग्रस्त जमिनीचे प्रकरण

कोलंबियाच्या उत्तर भागात, कॅरिबियन समुद्राला मिळणाऱ्या सिनू नदीच्या खालच्या खोऱ्यात चावार्री नावाचा एक मोठा पाणपक्षी आढळतो. इंग्रजीत त्याला नॉर्दर्न स्क्रीमर म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव चौना चावारिया असे आहे. जगात हा पक्षी फक्त दोन देशांत आहे. कोलंबियात तो आत्रातो, सिनू, सान होर्हे, काउका, माग्दालेना आणि सेसार या नद्यांच्या सखल खोऱ्यांत राहतो, तर व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराच्या भोवतालच्या दलदलींत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो ‘संकटसमीप’ गटात मोडतो, तर कोलंबियाच्या स्वतःच्या यादीत त्याला त्याहून एक पायरी गंभीर, म्हणजे ‘असुरक्षित’ मानले जाते. प्रस्तुत अभ्यासासाठी सिनूचे खोरे निवडण्याचे कारण असे की, विज्ञानाला या पक्ष्याची पहिली ओळख याच नदीकाठच्या तळ्यांवरून झाली, आणि धरण, गुरांची कुरणे, न्यायालयाचा आदेश व स्थानिक मच्छीमारांचा लढा हे सारे धागे याच खोऱ्यात एकमेकांत गुंतलेले आहेत.

ऑस्ट्रियाच्या राजदरबारासाठी वनस्पती गोळा करण्यास निघालेला निकोलाउस जॅकिन हा निसर्गशास्त्रज्ञ 1750 च्या दशकात कॅरिबियन बेटे आणि कार्ताहेनाच्या परिसरात फिरला. त्याने आणलेल्या माहितीच्या आधारे स्वीडिश वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने 1766 मध्ये या पक्ष्याचे वर्णन छापले आणि ठिकाण म्हणून सिनू नदीजवळच्या तळ्यांचा उल्लेख केला. लिनियसने त्याला कमळपक्ष्यांच्या पंक्तीत बसवले होते. लांब बोटे आणि पंखावरचे काटे पाहता ही चूक समजण्यासारखी आहे. प्रत्यक्षात चावार्री हा बदके आणि हंस यांच्या गणातला, परंतु त्यांच्यापासून फार पूर्वी वेगळ्या झालेल्या एका छोट्या कुळातला पक्षी असून त्या कुळात आज केवळ तीन जाती उरल्या आहेत. या वर्णनांबरोबर आणखी एक गोष्ट युरोपात पोहोचली, ती म्हणजे तेथील लोक हा पक्षी अंगणात पाळतात आणि तो कोंबड्यांची राखण करतो. पिल्लू लहानपणी धरून आणले तर ते माणसाळते, हे आजही खरे आहे आणि ही त्या पक्ष्याच्या दृष्टीने काही चांगली गोष्ट नव्हे.

पक्षी जवळून पाहिला तर तो कोणत्याच परिचित साच्यात बसत नाही. अंगाने तो हंसाएवढा भरदार, साधारण 80 ते 90 सेंटीमीटर लांबीचा. चोच मात्र कोंबडीसारखी आखूड आणि टोकाला वाकलेली. अंग राखाडी, मान काळी, गालापासून गळ्यापर्यंत पांढरा रुंद पट्टा, डोळ्याभोवती लाल उघडी कातडी आणि डोक्यामागे पिसांचा तुरा असे त्याचे रूप आहे. प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेला दोन टोकदार काटे असतात. ते हाडाचेच असून त्यांवर शिंगासारखे कठीण आवरण असते, आणि हद्दीच्या भांडणात ते शस्त्र म्हणून वापरले जातात. कातडीखाली हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या असल्यामुळे अंग दाबले असता चरचर ऐकू येते. बोटांमध्ये बदकासारखा पडदा जवळपास नसतोच, म्हणून हा पक्षी पोहण्यापेक्षा तरंगत्या वनस्पतींच्या गालिच्यावरून चालणे पसंत करतो, आणि उन्हे तापली की रुंद पंखांवर घिरट्या घेत बराच उंच चढतो.

या प्रकरणाच्या दृष्टीने त्याच्या शरीररचनेपेक्षा दोन सवयी अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली आहाराची. चावार्री मासे खात नाही. पाणवनस्पतींची पाने, देठ आणि मुळे हेच त्याचे अन्न, म्हणजे उथळ पाणी आणि त्यातली हिरवळ असली की त्याचे भागते. दुसरी सवय वेळेची. घरटे म्हणजे पाण्याच्या कडेला किंवा उथळ पाण्यातच रचलेला पाल्यापाचोळ्याचा ढीग. त्यात बहुधा तीन ते पाच अंडी असतात, नर आणि मादी आळीपाळीने बसतात आणि अंडी फुटायला सहा आठवड्यांहून अधिक काळ लागतो. पिल्ले लगेच घरट्याबाहेर पडतात खरी, पण उडता येईपर्यंत त्यांना आणखी दोन-अडीच महिने जमिनीवर आणि पाण्यातच काढावे लागतात. थोडक्यात, एक वीण यशस्वी होण्यासाठी एखाद्या जागेतले उथळ पाणी तीन ते चार महिने टिकले पाहिजे, आणि त्या काळात तिथे आग, कुत्रे व गुरांचे कळप यांची वर्दळ नसली पाहिजे. पुढच्या सगळ्या विवेचनाचा आधार ही मुदत आहे.

खोऱ्याची मूळ रीत

सिनू नदी पारामियोच्या डोंगरांत उगम पावून उत्तरेकडे साधारण 400 किलोमीटर वाहते. मोंतेरिया हे कॉर्दोबा प्रांताचे मुख्य शहर ओलांडल्यावर उतार इतका कमी होतो की पावसाळ्यात नदी पात्रात मावत नाही. लहान-मोठ्या वाहिन्यांतून पाणी दोन्ही अंगांच्या उथळ तळ्यांत शिरते. या तळ्यांना स्थानिक लोक सिएनागा म्हणतात. लोरिका गावाजवळचा सिएनागांचा समूह त्यातला सर्वात मोठा असून भर पावसात तो सुमारे 40 हजार हेक्टरांवर पसरतो. एप्रिल ते नोव्हेंबर पाऊस आणि डिसेंबर ते मार्च कोरड असे वर्ष विभागलेले आहे. कोरडीत पाणी ओसरले की तळ्याच्या कडेने चिखलाची, गाळाने समृद्ध अशी विस्तीर्ण पट्टी उघडी पडते. या पट्टीला प्लायोन म्हणतात आणि तिच्यावर आसपासच्या गावांनी पिढ्यान्पिढ्या सामायिक हक्काने कलिंगड, मका, भोपळा पिकवला, गुरे चारली. उजनी किंवा जायकवाडीच्या काठच्या वाचकाला गाळपेर जमीन म्हटले की जे चित्र डोळ्यांसमोर येते, तेच इथले. फरक इतकाच की इथे पाणी धरणाने नव्हे, तर नदीने स्वतःच्या लयीत चढवले-उतरवले होते.

या लयीशी जुळवून घेणारी वस्ती इथे प्राचीन आहे. शेजारच्या सान होर्हे खोऱ्यात सेनू लोकांनी हजारेक वर्षांपूर्वीपर्यंत कालवे आणि उंच वाफे यांची जी रचना सांभाळली, तिचा विस्तार सुमारे 5 लाख हेक्टर मानला जातो. पाणी बाहेर काढून टाकणे हा तिचा हेतू नव्हता. पाणी येऊ द्यायचे, ते फिरवायचे आणि उंच वाफ्यावर पीक घ्यायचे, अशी ती योजना होती. समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांनी या नदीकाठच्या समाजाला उभयचर संस्कृती म्हटले, आणि ते वर्णन चावार्रीलाही तंतोतंत लागू पडते. तोही पूर्ण पाण्यातला नाही आणि पूर्ण जमिनीवरचाही नाही. नेमक्या ज्या पट्टीवर माणसांचा हक्क सामायिक होता, त्याच पट्टीवर त्याचे घरटे असते.

कुंपण पुढे सरकते

या पट्टीवरचा पहिला घाला धरणाचा नव्हता, गुरांच्या मोठ्या मालकांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काटेरी तार आणि पेरलेले गवत आले, तसतशी सिनू खोऱ्यात मोठमोठी कुरणे उभी राहिली. पद्धत साधी होती. कोरड्या महिन्यांत पाणी मागे गेले की कुंपण थोडे पुढे न्यायचे, पुढच्या पावसापूर्वी मातीचा बांध घालायचा, तळ्याला पाणी पुरवणारी वाहिनी बुजवायची किंवा तिच्यावर दरवाजा बसवायचा, आणि दोन-चार वर्षांनी ती जमीन आपलीच होती असे म्हणायचे. कायद्याने पाहता हे चालू शकत नाही. कोलंबियाच्या 1974 च्या नैसर्गिक संसाधन संहितेनुसार नद्यांची पात्रे, तळ्यांचे तळ आणि काठालगतची 30 मीटरपर्यंतची पट्टी ही राज्याची, कोणालाही विकता वा देता न येणारी मालमत्ता आहे. पण ज्या तळ्याचा काठ वर्षातून दोनदा काही किलोमीटर सरकतो, त्याचे 30 मीटर कुठून मोजायचे, हा प्रश्न सुटल्याशिवाय हा नियम कागदावरच राहतो, आणि बांध घालणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते.

1960 च्या दशकाच्या अखेरीस सरकारच्याच पुढाकाराने शेतकऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि 1971 च्या सुमारास कॉर्दोबा व सुक्रे प्रांतांत भूमिहीनांनी अनेक कुरणांचा ताबा घेतला. लोरिकाच्या परिसरात सामूहिक शेतीचे प्रयोगही झाले. ते फार टिकले नाहीत. त्यानंतरच्या दशकांत हा प्रांत निमलष्करी टोळ्यांचा बालेकिल्ला बनला आणि जमिनीचा प्रश्न विचारणे जिवावरचे झाले. पक्ष्याच्या अभ्यासात हा राजकीय इतिहास कशाला, असे कोणाला वाटेल. पण सिनूमधल्या पाणथळ जागा कोणत्या काळात आणि कोणाच्या धाकाखाली कोरड्या झाल्या, हे बाजूला ठेवून चावार्रीच्या अधिवासाचा ऱ्हास समजावून सांगणे म्हणजे आगीचे वर्णन करताना काडी लावणाऱ्याचा उल्लेख टाळणे होय.

कुरणांबरोबर म्हशीही आल्या. कोलंबियात म्हशींची आयात 1960 च्या दशकात त्रिनिदादमार्गे सुरू झाली, आणि त्या वाणाच्या मुळाशी मुऱ्हा, जाफराबादी यांसारख्या भारतीय जाती आहेत. गायीगुरे जिथे चिखलाला बिचकतात तिथे म्हैस निवांत उतरते, त्यामुळे ज्या भागाला आजवर निव्वळ खोल चिखलाचे संरक्षण होते तोही चरायला खुला झाला. म्हशींच्या वावराने पाणवनस्पती तुडवल्या जातात, पाणी गढूळ होते आणि काठावरच्या ढीगवजा घरट्यांना धोका वाढतो.

त्याच पट्टीवर गरीब माणसांचाही एक ताण आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात इकोतेआ नावाच्या गोड्या पाण्यातील कासवाचे मांस खाण्याची या किनारपट्टीवर जुनी रीत आहे. सण कोरड्या ऋतूच्या शेवटी येतो, कासवे वाळलेल्या गवताखाली चिखलात दडलेली असतात, आणि ती सापडावीत म्हणून गवत पेटवून दिले जाते. आग कासवापुरती थांबत नाही. याखेरीज चावार्रीची अंडी खाण्यासाठी आणि पिल्ले पाळण्यासाठी उचलली जातात. तरीही तराजू लावायचा झाल्यास, माझ्या मते बांध आणि बुजवलेल्या वाहिन्या यांचे पारडे निःसंशय जड आहे. जाळलेले गवत पुढच्या पावसात परत उगवते, बुजवलेली सिएनागा परत भरत नाही.

धरण आणि न्यायालय

सिनूवरचे उर्रा धरण हे या प्रकरणातले निर्णायक वळण. नदीच्या वरच्या अंगाला, तिएर्राल्ता तालुक्यात 340 मेगावॅट क्षमतेचा हा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. 1996 मध्ये नदीचा प्रवाह वळवण्यात आला, 1999 च्या अखेरीस जलाशय भरू लागला आणि 2000 मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. सुमारे 7,400 हेक्टर जमीन पाण्याखाली गेली. वरच्या खोऱ्यातील एम्बेरा कातियो आदिवासींनी, आपल्याशी सल्लामसलत झाली नाही म्हणून, संवैधानिक न्यायालयात धाव घेतली आणि 1998 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. त्यांचे नेते किमी पेर्निया दोमिको यांना 2 जून 2001 रोजी तिएर्राल्तातून पळवून नेण्यात आले. त्यांची हत्या केल्याची कबुली निमलष्करी म्होरक्याने पुढे दिली.

खालच्या खोऱ्यावर परिणाम कसा झाला, हे नीट समजून घेतले पाहिजे. वीज वर्षभर लागते, म्हणून धरण पावसाळ्याचे पाणी अडवून कोरडीत सोडते. त्यामुळे पुराचा माथा छाटला जातो आणि कोरड्या महिन्यांतला प्रवाह मात्र वाढतो. शहरातल्या माणसाला ही सुधारणा वाटेल, कारण पूर कमी आणि उन्हाळ्यात पाणी जास्त. सिएनागासाठी मात्र पुराचा माथा हाच तिचा भरणा आहे. नदी काठ ओलांडून वाहिन्यांत शिरलीच नाही तर तळ्याच्या दूरच्या कडा कोरड्याच राहतात. एक वर्ष कोरड्या राहिलेल्या कडेवर कुंपण येते, आणि कुंपण आले की पुढच्या वर्षी पूर आला तरी त्याला मज्जाव करणारा बांध घातला जातो. म्हणजे धरणाने स्वतः फार तळी कोरडी केली असे नव्हे. जमीन बळकावण्याच्या जुन्या उद्योगातला सर्वात मोठा अडथळा, म्हणजे दरवर्षी परत येणारे पाणी, त्याने दूर केला. शिवाय गाळ जलाशयात अडकतो, स्वच्छ झालेले पाणी खालचे पात्र खरवडते, आणि पात्र जितके खोल जाते तितके पाणी काठाबाहेर पडणे अवघड होते.

मच्छीमारांना हा बदल सर्वांआधी जाणवला. बोकाचिको हा या खोऱ्यातला मुख्य मासा सिएनागात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत वर चढतो. धरणाने त्याची वाट तोडली आणि सिएनागांच्या आक्रसण्याने त्याचे पाळणाघरही लहान झाले. लोरिका भागातील मच्छीमार आणि छोट्या शेतकऱ्यांची आस्प्रोसिग ही संघटना या प्रश्नावर न्यायालयात गेली, आणि 1999 मध्ये संवैधानिक न्यायालयाने टी-194 या क्रमांकाचा निकाल दिला. धरणाचे परिणाम आणि दलदलींचे, तळ्यांचे, पाणथळ जागांचे कोरडे केले जाणे हे दोन विषय न्यायालयाने एकत्र तपासले. पाणथळ जागा बुजवणे थांबवावे आणि सार्वजनिक जलक्षेत्रे पूर्ववत करावीत, अशा आशयाचे आदेश त्याने संबंधित यंत्रणांना दिले. या निकालात चावार्रीच्या बाजूने कोणी वकील उभा नव्हता, तरीही कोलंबियात या पक्ष्याच्या अधिवासासाठी याहून नेमका दस्तऐवज मला माहीत नाही, कारण तो जातीच्या नावाऐवजी बांधाबद्दल बोलतो.

अंमलबजावणी मात्र ज्यांनी करायची, त्या स्थानिक यंत्रणांचेच जमीनमालकांशी हितसंबंध जुळलेले होते. प्रांतातील सीव्हीएस या पर्यावरण महामंडळाने पुढे खालच्या सिनूच्या पाणथळ क्षेत्राला एकात्मिक व्यवस्थापन जिल्ह्याचा दर्जा दिला. नकाशावर हद्द आखली गेली, हे उपयोगाचे आहे. परंतु या प्रकारच्या संरक्षित क्षेत्रात खासगी वापर चालू राहू शकतो, आणि हद्दीच्या आत बांध तसाच राहिला तर नकाशावरच्या रंगाने पाणी चढत नाही.

संकटसमीप या शिक्क्याचा अर्थ

चावार्रीची एकूण संख्या 10 हजारांच्या आत असावी असा अंदाज आहे. लाल यादीच्या निकषांपैकी एका निकषानुसार प्रौढ पक्षी 10 हजारांहून कमी असणे, त्यांत घट चालू असणे आणि कोणत्याही एका उपसमूहात 1,000 पेक्षा अधिक प्रौढ नसणे, या अटी एकत्र पूर्ण झाल्या की जात ‘असुरक्षित’ ठरते. चावार्री या उंबरठ्याच्या अगदी जवळ आहे, म्हणून तो संकटसमीप. येथे आकड्यापेक्षा उपसमूह हा शब्द अधिक मोलाचा आहे. आत्रातो, सिनू, माग्दालेना आणि माराकायबो ही खोरी डोंगररांगांनी आणि कोरड्या कुरणांनी विभागलेली आहेत. जितक्या सिएनागा मधून गळतील तितकी या गटांमधली ये-जा कमी होईल, आणि एकूण संख्या तेवढीच राहिली तरी जातीचा धोका वाढेल. या पक्ष्याचे आयुष्य मोठे आणि जोड्या आपल्या जागेला चिकटून राहणाऱ्या असल्याने आणखी एक फसगत संभवते. एखाद्या तळ्यावर वर्षानुवर्षे तेच प्रौढ पक्षी दिसत राहतात, निरीक्षक खूश होतो, आणि तिथे पिल्ले मोठी होत नाहीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून गणना करायचीच असेल तर ती दिसलेल्या पक्ष्यांची नव्हे, उडत्या वयाला पोहोचलेल्या पिल्लांची असावी.

काय करता येईल

सिनूच्याच मुखाशी एक उदाहरण उपलब्ध आहे. 1938 ते 1945 या काळात नदीने आपले मुख सिस्पाता उपसागरातून तिनाहोनेसकडे हलवले. सोडून दिलेल्या जुन्या मुखात खारे पाणी शिरले, भातशेती मोडली आणि तिथे खारफुटीचे दाट जंगल उभे राहिले. त्या खारफुटीत अमेरिकन मगरीची शिकार करणाऱ्या माणसांनाच सीव्हीएसने अंडी गोळा करून पिल्ले वाढवण्याच्या कामावर घेतले. मगरींची संख्या इतकी सावरली की 2016 मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराने या उपसागरातील मगरींना सर्वात कडक परिशिष्टातून खालच्या परिशिष्टात हलवले. पण हे प्रारूप चावार्रीला जसेच्या तसे लावता येणार नाही. मगरीच्या कातड्याला बाजार होता, म्हणून राखणदाराला उद्याच्या उत्पन्नाची आशा होती. चावार्रीच्या बाबतीत विकण्यासारखे काही नाही, आणि नसलेलेच बरे.

त्याच्या बाबतीत राखणीचा मोबदला पाण्यातूनच यावा लागेल. जी वाहिनी उघडल्याने सिएनागाची कडा ओली राहते, तिच्यातूनच बोकाचिकोची पिल्ले आत येतात, आणि मच्छीमाराला त्यात रोख स्वारस्य आहे. म्हणून पक्ष्यासाठी वेगळी योजना आखण्यापेक्षा, कोणत्या वाहिन्या बुजल्या आहेत याची यादी करून त्यांतल्या दोन-तीन खुल्या करणे, त्यांवरचे दरवाजे कुरणमालकाच्या ताब्यातून काढून मच्छीमारांच्या समितीकडे देणे, आणि पावसाळ्यात धरणातून एक ठरावीक, आधी जाहीर केलेला पूर सोडणे, ही तीन कामे एकमेकांना जोडून करावीत असे मला वाटते. यातले तिसरे काम सर्वात कठीण आहे, कारण सोडलेला प्रत्येक घनमीटर म्हणजे वीज कंपनीचे बुडालेले उत्पन्न. शिवाय मधल्या काळात पुराच्या मूळ पात्रात वस्त्या आणि शेते उभी राहिली आहेत, त्यांना हलवल्याशिवाय असा पूर सोडणे हा नवा अन्याय ठरेल. सिनूवर आणखी एक धरण बांधण्याचा विचारही अनेकदा पुढे आला आहे. ते झाले तर पुराचा जो काही माथा उरला आहे तोही जाईल, आणि मग वाहिन्या उघड्या ठेवूनही आत शिरायला पाणी नसेल. त्यामुळे दरवाजांची मालकी आणि दुसऱ्या धरणाचा निर्णय यांचा विचार एकाच बैठकीत व्हावा, आणि त्या बैठकीत मच्छीमारांच्या प्रतिनिधींना केवळ ऐकून घेण्यापुरते नव्हे, तर मत देण्याच्या अधिकाराने बसवावे.